कारखाना येईल, कामगार राहणार कुठे?

मराठवाड्याच्या विकासाची चर्चा ठरलेल्या वळणांनीच जाते. आधी सिंचनाचा अनुशेष, मग रस्त्यांचा आणि शेवटी उद्योगांचा. १९८४ सालच्या दांडेकर समितीच्या अहवालापासून २०१३ सालच्या केळकर समितीपर्यंत मागासलेपण मोजण्याच्या पद्धती बदलल्या, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले आणि २०२० मध्ये त्याची मुदतही संपली. उद्योगाबाबतची आपली मागणी मात्र आजही दोनच शब्दांची आहे: कारखाने आणा. किती एकर जमीन दिली, किती कोटींचे सामंजस्य करार झाले, किती हजार रोजगार मिळणार, हे आकडे पहिल्या पानावर छापून येतात. हे हजारो लोक पाळी संपल्यावर कुठे राहणार, त्यांची मुले कोणत्या शाळेत जाणार आणि ते आजारी पडले तर त्यांना कोण तपासणार, हा प्रश्न मी एकाही भूमिपूजनात ऐकलेला नाही. कामगारांच्या वस्तीची तरतूद नसलेला कारखाना हा अर्धाच उद्योग असतो, असे माझे मत आहे. ते पुस्तकातून आलेले नाही. नांदेडच्या गिरणीच्या आसऱ्याने वाढलेल्या कामगारवस्तीत माझे बालपण गेले, तिथून ते आले आहे.

मराठवाड्याला औद्योगिक इतिहासच नाही, हा समज आपणच जोपासला आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सूतकताई आणि विणकामाची गिरणी १८८९ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात सुमारे ७०० माणसे कामाला होती. १९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि तिच्या कडेने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांतच एकट्या जालन्यात सरकी काढण्याचे नऊ आणि गाठी बांधण्याचे पाच कारखाने होते. पुढे नांदेडला सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावाने उस्मानशाही मिल उभी राहिली. परिसरातला गावरानी कापूस, रेल्वे आणि गोदावरी, असे तिघेही हाताशी होते. म्हणजे गुंतवणूकदारांना आकर्षित करण्यासाठी आज आपण ज्या गोष्टींची यादी करतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी तेव्हाही होत्या.

जिनिंगच्या कारखान्यांभोवती कामगारांच्या टिकाऊ वस्त्या फारशा झाल्या नाहीत, गिरण्यांभोवती मात्र झाल्या, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. जिनिंगचे काम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. त्यात बायका मोठ्या संख्येने असतात, मजुरी रोजाची असते आणि हंगाम संपला की माणसे पांगतात. गिरणी बारा महिने, तिन्ही पाळ्यांत चालायची. कापूस तोच आणि माणसेही साधारण त्याच गावांतून आलेली. एका ठिकाणी वस्ती रुजली आणि दुसऱ्या ठिकाणी रुजली नाही, याचे कारण बारमाही आणि कायम नोकरी एवढेच आहे.

ही कायम नोकरी घराघरांत कशी झिरपत असे, हे लहानपणी आम्हाला कोणी समजावून सांगितले नव्हते, पण दिसत होते. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होते. नवे बिऱ्हाड आले की दुकानदार त्या घरच्या पोराला एकच विचारायचा, “तुझे वडील कोणत्या खात्यात हायेत रे?” पोराने ब्लोरूम, कार्डिंग, रिंग, साचा, असे काहीही सांगितले तरी चालायचे, खाते सांगता आले म्हणजे माणूस गिरणीच्या हजेरीपटावर आहे, त्याचा पगार ठरल्या तारखेला होणार आणि वही उघडायला हरकत नाही. ज्याचा बाप बदली कामगार होता, म्हणजे कोणी गैरहजर राहिले तरच ज्याला आत घेतले जाई, त्याच्या घरी उधारी आठवड्याच्या वर जाऊ दिली जात नसे. एकाच भिंतीच्या अल्याड आणि पल्याड राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांच्या आयुष्यात केवढा फरक पडतो, हे त्या दोन वह्यांवरून कळायचे. कायम कामगाराच्या घरात भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन पत्र्याच्या जागी स्लॅब पडायचा, मुलगी दहावीनंतरही शिकायची, म्हाताऱ्या आईला कामगार विम्याच्या दवाखान्यात नेले जायचे. बदली कामगाराच्या घरात यातले प्रत्येक काम “औंदा नको, पुढच्या साली बघू” या वाक्यावर थांबायचे. वडील बदलीतून कायम झाले त्या वर्षी आमच्या घरात पहिल्यांदा भिंतीवरचे घड्याळ आले. आईच्या मते ती उधळपट्टी होती, कारण गिरणीचा भोंगा साऱ्या शहराला फुकटात वेळ सांगतच होता.

वस्तीत मराठी होती, दखनी होती आणि तेलुगूही होती. कंधार, भोकर, हदगावकडचे शेतमजूर आलेले, आंध्रच्या बाजूने आलेले पद्मशाली विणकर आलेले, शहरातले जुने मुसलमान कारागीर होते आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून थकलेली, गावाकडे परत न गेलेली कुटुंबेही होती. आम्ही पोरे शेजारणींना अक्का, चाची, मावशी अशा त्यांच्या त्यांच्या भाषेतल्या नात्याने हाका मारत असू. कामगार कल्याण केंद्रात शिवणाचा वर्ग आणि वाचनालय होते, आणि तिथल्या नाटकाच्या तालमी पाहायला आम्ही खिडकीला लटकत असू. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाची ही केंद्रे कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीवर चालतात. कामगाराच्या पगारातून कापून जाणारी रक्कम अगदी किरकोळ असते. पण तिच्यामुळे वाचनालयात जाताना आमच्या मनात उपकाराची भावना नसायची. पैसे आपलेही आहेत, हे घरात माहीत होते.

हे लिहिताना आठवणी गोड होत जातात, याची मला जाणीव आहे, आणि त्याबद्दल मी सावध आहे. कापूस पिंजणाऱ्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसांच्या छातीत त्या कापसाची धूळ साठते आणि त्यांचा खोकला निवृत्तीनंतरही सुटत नाही, हे कापडउद्योगात जगभर ठाऊक असलेले दुखणे आमच्या वस्तीला अनोळखी नव्हते. पगाराच्या संध्याकाळी काही घरांतून येणारे आवाज आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे करत असू. गिरणीत खांद्याला खांदा लावून उभी राहणारी माणसे घरी परतताना आपापल्या जातीच्या गल्लीत वळत, आणि नळावरची रांग सरळ असली तरी तिच्यातली अंतरे सारखी नसत. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाल्यावर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि त्यांची झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड पुढे होता. त्या दिवसांत एकाच युनियनची पावती फाडणारी माणसे आमच्या गल्लीत एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. कामगार म्हणून असलेली एकजूट जातीपुढे किती तोकडी पडू शकते, हे मी तिथेच पाहिले. तेव्हा ‘ते दिवस परत यावेत’ असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या वस्तीतल्या वाईट गोष्टी समाजाकडून आल्या होत्या आणि त्या समाजात आजही आहेत. तिच्यातल्या चांगल्या गोष्टींपैकी बऱ्याचशा मात्र कायद्याने आणि नोकरीच्या स्वरूपाने आल्या होत्या, आणि नेमक्या त्याच आज नाहीशा झाल्या आहेत.

गिरणी कशी संपली, ही कथा भारतातल्या शेकडो गिरण्यांची आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७४ च्या कायद्याने १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. नांदेड आणि औरंगाबादच्या गिरण्याही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. सरकारी मालकीने नोकऱ्या काही वर्षे वाचल्या, पण यंत्रे जुनीच राहिली, यंत्रमागांचे स्वस्त कापड बाजारात आले आणि शतक पालटण्याच्या सुमारास स्वेच्छानिवृत्तीच्या योजना येऊन साचे थांबले. हातात एकरकमी पैसे आले. कोणी ऑटोरिक्षा घेतला, कोणी मुलीचे लग्न उरकले, कोणी पुण्याला मुलाकडे गेला. किराण्याच्या दुकानातली वही बंद झाली, कारण ठरल्या तारखेचा पगारच उरला नव्हता. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेखाली या पिढीला पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. महिन्याचे १,०००. तीस वर्षे तीन पाळ्यांत उभे राहिलेल्या माणसाला यावर औषधे आणि धान्य यांपैकी एकच निवडावे लागते.

इथे मुंबईची तुलना करणे भाग आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या ढासळल्या तेव्हा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी ठरवली: एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये हा नियम बदलून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती आणली गेली आणि तिथल्या कामगारांच्या तोंडचा घास बराचसा गेला, हे खरे; तरीही गिरणी कामगारांच्या घरांची सोडत तिथे निघाली आणि कामगाराचा त्या जमिनीशी काही संबंध आहे हे तत्त्व तरी कागदावर उतरले. ती योजना मुंबईच्या ५८ बंद गिरण्यांपुरती होती. नांदेडच्या कामगाराला हा न्याय का लागू नसावा, याचे उत्तर मला कधीच मिळालेले नाही. जमिनीचा भाव कमी असणे, हे हक्क नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट भाव कमी असल्यामुळेच इथे घरे बांधणे स्वस्त पडले असते. यात आपल्या लोकप्रतिनिधींचा दोष आहे तसा आपलाही आहे: गिरणीचा प्रश्न म्हणजे मुंबईचा प्रश्न आणि मराठवाड्याचा प्रश्न म्हणजे पाण्याचा, ही वाटणी आपण मुकाट मान्य केली.

आता नव्या उद्योगांकडे येऊ. ऐंशीच्या दशकात वाळूजला मोठा वाहनउद्योग आला आणि त्याच्यामागोमाग सुटे भाग करणारे शेकडो कारखाने आले. औरंगाबादचे रूप पालटले, मराठवाड्यातल्या हजारो तरुणांना काम मिळाले. याचे श्रेय नाकारणे कोतेपणाचे ठरेल. सुरुवातीच्या कायम कामगारांनी बजाजनगरात आणि सिडकोच्या वसाहतीत घरे बांधली, त्यांची मुले अभियंते झाली. पण त्यानंतरच्या पिढीतला कंत्राटी कामगार रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर या गावांतल्या भाड्याच्या खोल्यांत राहतो. हिंगोली, परभणी, जालना जिल्ह्यांतून आलेली पाच-सहा मुले एका पत्र्याच्या खोलीत पाळी लावून झोपतात, कारण एकाच वेळी सगळ्यांना आडवे होता येईल एवढी जागा नसते. कारखान्याचे उत्पादन औद्योगिक वसाहतीत मोजले जाते. कचरा, सांडपाणी आणि पिण्याच्या पाण्याचा बोजा मात्र शेजारच्या ग्रामपंचायतीवर पडतो.

हा केवळ गैरसोयीचा विषय आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने दोन घटना आठवून पाहाव्यात. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या हातमोजे तयार करणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि सहा कामगार मरण पावले. ते तिथे रात्रपाळी करत नव्हते. ते तिथेच झोपत होते, कारखाना हेच त्यांचे घर होते. त्याआधी, ८ मे २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात, जालन्याच्या पोलाद उद्योगात काम करणारे मध्य प्रदेशातले कामगार रेल्वेमार्गाने पायी गावाकडे निघाले आणि करमाडजवळ रुळांवरच झोपी गेले. मालगाडीखाली त्यांतले १६ जण मेले. त्या दिवसांत आपण सर्वांनी हळहळ व्यक्त केली, परंतु ते चालत का निघाले हा प्रश्न फार पुढे नेला नाही. काम थांबताच त्या जागी राहण्याचे त्यांना कारणच उरले नव्हते. उधारीची वही उघडून देणारा दुकानदार नव्हता, ‘दोन महिने भाडे राहू दे’ म्हणणारा घरमालक नव्हता, बाजूने उभी राहणारी युनियन नव्हती. आमच्या वस्तीनेही संप आणि कामबंदीचे दिवस पाहिले, पण त्या दिवसांत कोणी चालत गावाला गेले नाही, कारण वस्ती हेच गाव झाले होते.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की आजचा तरुण कामगार स्वतःच फिरता आहे, त्याला एका जागी रुजायचे नाही. हा आक्षेप कार्यकारण उलटे करतो. महाराष्ट्राने कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा २० कामगारांवरून ५० वर नेली, त्यामुळे लहान कंत्राटदारांकडचे कामगार त्याच्या संरक्षणाबाहेर गेले. २०१८ पासून ठरावीक मुदतीची नोकरी सर्व उद्योगांसाठी खुली झाली. अकरा महिन्यांनी नोकरी राहील की नाही हे ज्याला माहीत नाही, तो बायकोमुलांना खोलीवर कशाला आणेल? मुलाचे नाव इथल्या शाळेत कशाला घालेल? पेरणी आली की गावाकडे जाणे, हाच त्याच्यासाठी शहाणपणाचा व्यवहार आहे. आपण त्याला आधी फिरता करतो आणि मग तो फिरता आहे म्हणून त्याला घर नको असे म्हणतो. मराठवाड्यात या पद्धतीचा सर्वांत जुना नमुना बीडच्या ऊसतोड कामगाराच्या रूपाने समोर आहे: साखर कारखान्याचे धुराडे पक्के, त्याची कोपी मात्र दर हंगामी पाचटाची.

दुसरा आक्षेप असा की घरे बांधणे हे बाजाराचे काम आहे. बाजार घरे बांधतोच, फक्त ती कंत्राटी कामगाराच्या पगारात बसत नाहीत, आणि जी बसतात ती वर सांगितलेल्या खोल्यांसारखी असतात. शिवाय कारखान्याची जमीन बाजाराने दिलेली नसते. १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली शासन आपल्या अधिकाराने शेतकऱ्यांची जमीन संपादित करते, सार्वजनिक पैशाने तिथे रस्ते, पाणी आणि वीज नेते आणि मग ती उद्योगाला देते. यंत्रासाठी ही सोय सार्वजनिक पैशाने करता येत असेल, तर यंत्र चालवणाऱ्यासाठीच बाजाराचा दाखला का द्यावा? आणि हे काही नवे समाजवादी खूळ नाही. १९५२ मध्येच केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहनिर्माण योजना सुरू केली होती. २०२० च्या स्थलांतरानंतर केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजनाही जाहीर केली. तत्त्व दोनदा मान्य झाले आहे. भूखंडवाटपाच्या अटींत मात्र ते उतरलेले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही: अटी घातल्या तर गुंतवणूक शेजारच्या राज्यात जाईल. पण उद्योजक जागा निवडतो ती फक्त जमिनीच्या दरावर नाही. प्रशिक्षित कामगार टिकतो का, हाही त्याचा हिशेब असतो, आणि दर काही महिन्यांनी नवी माणसे शिकवत बसण्याचा खर्च कोणत्याही कारखान्याला परवडत नाही. शेंद्रा-बिडकीन इथे ऑरिक हे सुमारे १०,००० एकरांचे औद्योगिक शहर आकार घेत आहे आणि त्याच्या आराखड्यात निवासी जमीनही राखलेली आहे. माझी मागणी एवढीच की त्या निवासी जमिनीचा ठरावीक भाग, विक्रीसाठी नसलेल्या आणि भाड्यानेच द्यायच्या कामगार घरांसाठी बाजूला काढावा. ही घरे कंत्राटदाराच्या नव्हे तर कामगाराच्या नावावर मिळावीत, म्हणजे कंत्राटदार बदलला तरी छप्पर जाणार नाही. आणि कारखान्याला मिळणाऱ्या सवलतींचा काही हिस्सा त्याने किती कायम कामगार नेमले यावर ठरावा. कामगार विम्यासाठीची २१,००० रुपयांची वेतनमर्यादा २०१७ पासून तशीच आहे; तीही वाढायला हवी, नाहीतर पगार थोडा वाढला की दवाखाना सुटतो.

बंद गिरण्यांच्या जमिनींबाबतही हेच सांगता येईल. या जमिनी केंद्राच्या महामंडळाच्या असल्या तरी त्यांची विक्री किंवा विकास करायचा झाल्यास महापालिकेची आणि राज्याची संमती लागतेच, आणि ती संमती देताना मुंबईच्या मूळ नियमाप्रमाणे एक तृतीयांश वाटा कामगार आणि त्यांच्या वारसांच्या घरांसाठी मागता येतो. यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहावी लागत नाही. नांदेडच्या लोकप्रतिनिधींनी विकास आराखड्यात तशी नोंद करून घेतली तरी पुरेसे आहे. नव्या वसाहतींबाबत मात्र घाई करायला हवी. औद्योगिक महामंडळाचे भूखंड साधारणतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. वाटपाआधी घराची अट घालणे हे करारातल्या एका कलमाचे काम आहे. करारावर सह्या झाल्यानंतर तीच अट पुढच्या तीन पिढ्यांना न्यायालयात भांडून मिळवावी लागेल.